विहीणबाईंची चरबी जाळणारी कॅसेट

त्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी दोन पापड भाजून डब्यात ठेवले होते. हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावलं होतं, गालिचा गुंडाळला होता आणि हातांची खुर्ची खिडकीजवळ ओढून ठेवली होती. विहीणबाई यायच्या म्हणजे एवढी तयारी लागे. उल्हासनगरच्या सिंधी कॅम्पातून अंबरनाथला आमच्या दारापर्यंत रिक्षाने यायला असा कितीसा वेळ लागतो... पण त्या आल्या नाहीत. मी फोन लावला, कोणी उचलला नाही. मग फोन वाजला तो कॅनडाहून, जावईबापूंचा. "आई, मम्मी गेली," हरीश म्हणाले. शेजारणीने आधी मुलाला कळवलं होतं आणि मुलाने मला. शेजारच्या गावातली बातमी माझ्याकडे अर्ध्या जगाला वळसा घालून आली. सकाळी चहा पिऊन त्या खुर्चीत टेकल्या, त्या टेकल्याच.

खरं तेच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की आता माझ्यावर नजर ठेवायला ही मुलं कोणाला पाठवतील?

तन्वी, निखिल, तुमच्या दादीला जाऊन आता काही आठवडे झाले. तुम्ही दोघं फोनवर मला विचारत होतात, दादी कशी होती ते सांग. तुमच्या आठवणीतली दादी सुट्टीतली, गालगुच्चे घेणारी, खिशात चॉकलेट कोंबणारी. मी ओळखत होते ती बाई वेगळी. तुम्हाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा हे पान तुमची आई तुम्हाला वाचून दाखवणार. एका ठिकाणी ती थांबेल. ते ठिकाण आलं, की तिला म्हणा, पुढे वाच.

माधवीने जेव्हा सांगितलं की ती हरीशशी लग्न करणार आहे, तेव्हा तुमचे आबा एवढंच म्हणाले, "मुलगा बरा आहे." आबा आयुष्यभर ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, माणसाची पारख दोन शब्दांत करायचे आणि विसरून जायचे. मी वसाहतीतल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझ्या घरात कात्रीचीही जागा ठरलेली असते, आणि माणूस मला त्याची जागा कळल्याशिवाय पटत नाही. आम्ही उल्हासनगरला मुलाचं घर बघायला गेलो, तर दारातच एका गोल, गोऱ्या, घामाघूम बाईने माझ्या हातात पाण्याचा ग्लास आणि पापड ठेवला. "पहिले पापड, अदी. फिर बात." अदी म्हणजे त्यांच्या सिंधीत बहीण. आमच्याकडे बोलणी करायला आलेल्या माणसांना कोणी भाजलेला पापड देत नाही, तो पानात वाढायचा असतो. मी तो हातात धरून बसले. मनात म्हटलं, पहिल्याच भेटीत बहीण म्हणणारी बाई काहीतरी मागणार. त्यांनी मागितलं काहीच नाही. देण्याघेण्याचा विषय आबांनी काढला, तर लाजवंतीबाई हसून म्हणाल्या, "तुमची पोरगी आमी घेऊन चाललो, वरतून अजून काय लुटायचं? घाबरू नका, कधी कधी वापस पण देऊ." यावर सगळे हसले. मी हसले नाही. काहीच न मागणाऱ्या माणसाचा हिशेब कसा मांडायचा, हे मला कधीच जमलेलं नाही.

त्याच दिवशी मला त्या घरातली कॅसेट पहिल्यांदा ऐकू आली. मागच्या खोलीत टेपरेकॉर्डर चालू होता आणि कोणीतरी पुरुष घोगऱ्या आवाजात इंग्रजी गात होता, मागे पियानो, आणि मध्येच एक पितळी वाद्य रडकुंडीला आल्यासारखं ताणलं जात होतं. सिंधी बाईच्या घरात जुना अमेरिकन जॅझ! मी हरीशला विचारलं, तुमच्याकडे हे कोण ऐकतं? तो संकोचून म्हणाला, "मम्मीचा व्यायाम आहे."

याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. तुमच्या दादाजींचं कॅम्पात कॅसेटचं दुकान होतं. त्या काळी तिथे जगातल्या कुठल्याही वस्तूची नक्कल मिळायची, आणि नक्कल करणारे त्याची लाज न बाळगता ती अस्सलपेक्षा टिकाऊ असल्याचं सांगायचे. त्यांच्या कोणा आतेभावाने परदेशातून एक खोकं भरून रेकॉर्डी पाठवल्या. सगळा काळ्या गायकांचा जुना जॅझ, आणि त्यानंतरचं ते ताल धरायला लावणारं ऱ्हिदम अँड ब्लूज. दादाजींना वाटलं, परदेशी माल आहे, खपेल. त्यांनी भराभर कॅसेटी उतरवल्या. एकही खपली नाही. लोकांना सिनेमातली गाणी हवी होती. मग टीव्हीवर घट्ट कपडे घालून उड्या मारणाऱ्या बायका दिसायला लागल्या, आणि कॅम्पातल्या बायका दुकानात येऊन विचारायला लागल्या, वो पतला होनेवाला म्यूझिक है क्या? तसं म्यूझिक दादाजींकडे नव्हतं. खोक्यातल्या पडून राहिलेल्या कॅसेटी होत्या. त्यांनी नवीन कव्हरं छापून घेतली. मासिकातून कापलेली एक सडपातळ गोरी बाई, आणि वर लाल अक्षरांत, क्विक फॅट बर्निंग, फॉर लेडीज, ओन्ली फिफ्टीन मिनिट्स. हातोहात संपल्या. इतक्या, की पुन्हा उतरवाव्या लागल्या. त्यामुळे कॅम्पातल्या कितीतरी घरांत, दुपारची भांडी झाली की दारं लावून, बायका पियानो-सॅक्सोफोनवर चरबी जाळायला लागल्या. कोणाच्या मनातही आलं नाही, की या संगीताचा चरबीशी काही संबंध नाही.

उड्या मारायला शिकवणारा कोणी आवाज कॅसेटमध्ये नव्हताच. तेव्हा व्यायाम लाजवंतीबाईंनी, कॅम्पात त्यांना लाजोबाई म्हणत, स्वतः बसवला, आणि बायका त्यांच्या घरी तो शिकायला यायला लागल्या. ड्रम वाजला की 'पापड लाटा', म्हणजे दोन्ही हात पुढे-मागे. सॅक्सोफोन चढला की 'चादर झटका'. तुतारीसारखं काही आलं, की 'रिक्षा रोको', म्हणजे एका पायावर उभं राहून हात लांब करायचा. आणि गाणं अगदीच संथ असलं, तर? "ये अंदरवाली चरबी का गाना है," त्या ठामपणे सांगायच्या. "हलना नहीं. खाली साँस." व्यायाम संपला, की तुपातली कोकी, म्हणजे त्यांची ती जाड कांद्याची पोळी. मी एकदा म्हटलंच, की जाळली तेवढी परत आली. त्या म्हणाल्या, "अदी, वो पुरानी चरबी थी. ये ताजी है."

ही बाई भोळी आहे की पक्की, हे मला कधी ठरवता आलं नाही. दादाजींनी काय केलं होतं ते त्यांना ठाऊक होतं की नव्हतं? कोणी विचारलं तर त्या सरळ चेहऱ्याने सांगायच्या, ही अमेरिकेतली डॉक्टरी कॅसेट आहे. एकही बाई त्यात बारीक झाल्याचं मी पाहिलं नाही.

आबा गेले. मी एकटी राहायला लागले आणि मला ते जमलंही. मग मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही, पण दार आतून बंद होतं आणि कामाला येणाऱ्या शकूने शेजाऱ्यांना बोलावून कडी तोडायला लावली. ही गोष्ट कॅनडाला पोचली. तुमच्या आईने फोनवर आधी रडून घेतलं आणि मग अतिशय गोड आवाजात सांगितलं, की बदलापूरच्या पुढे, चामटोलीच्या बाजूला, ज्येष्ठांसाठी एक फार छान निवास झालाय. झाडी आहे, नर्स आहे, वाचनालय आहे. "नुसतं बघून तर ये, आई." माधवी लहानपणी दात काढायला जायचं असलं, की मी तिला याच आवाजात सांगायचे, नुसतं बघून तर येऊ. मी म्हटलं, बघते. आणि त्याच आठवड्यात दाराची बेल वाजली. दारात लाजोबाई, एका हातात टेपरेकॉर्डरची पिशवी, दुसऱ्या हातात कोकीचा डबा. "अदी, घर में अकेले बोअर होती मी. सोचा, अदीला पण पतली करू." माझं वजन तेव्हा त्यांच्या निम्मं असेल.

यात काय समजायचं ते मी ताबडतोब समजले. त्यांना पाठवलं होतं. माझं परीक्षण व्हायचं होतं आणि त्याच्या निकालावर माझं घर ठरायचं होतं. मग मीही ठरवलं, की होऊ दे परीक्षा. आयुष्यभर मी मुलांच्या घेतल्या. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा वाजता. मी गालिचा गुंडाळायचे, साडीचा पदर खोचायचे आणि पापड लाटायचे, चादर झटकायचे, रिक्षा थांबवायचे. त्या समोर करायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी त्यांच्या बघण्याकडे बघायचे. खुर्चीतून हात न टेकता उठा, अदी. एका पायावर अजून थोडं थांबा, अदी. न्हाणीघरात गेले तर बाहेरून म्हणायच्या, "कडी मत लगाना, मुझे भी जाना है." कसला व्यायाम तो! तपासणी होती सगळी. चहा करताना साखर कुठल्या डब्यात आहे हे मला आठवतं की नाही, तेही त्या बघत असाव्यात असा मला संशय होता. मी मुद्दाम डब्यांवरची नावं काढून टाकली आणि न बघता हात घातला.

त्या गाण्यांचे शब्द आमच्यात फक्त मला कळत होते. एक दिवस एक बाई गात होती, नवऱ्याला सांगत होती, की तुझ्या कोटाला येणारा वास आपल्या घरातला नाही, आणि मी दार उघडीन पण झोपणार नाही. लाजोबाईंनी चादर झटकता झटकता विचारलं, "ये क्या बोलती है इतना?" मी अर्थ सांगितला. त्या थांबल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "मतलब तुमच्यासारखी आहे! शक करती है!"

"शंका घेण्यासारखं असतं म्हणून माणूस घेतो," मी म्हटलं. आणि तोंडातून निघूनच गेलं, "विहीणबाई, तुम्हाला माधवीने पाठवलंय ना?"

"मला कोण पाठवणार, अदी? मी काय कुरिअर आहे?" त्यांनी टेपचं बटण पुन्हा दाबलं. "चला, रिक्षा रोको."

उत्तर त्यांनी दिलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं.

आता ते ठिकाण आलं. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, त्याच 'रिक्षा रोको'ला, मी पुन्हा पडले. एका पायावर उभी होते, हात लांब केला होता, आणि पाय माझा नसल्यासारखा निघून गेला. डोकं टीपॉयच्या कडेला निसटतं लागलं. काही क्षण मला ही खोली कुठली ते कळेना. गाणं चालूच होतं. मग लाजोबाईंचा चेहरा वर दिसला, घामाने थबथबलेला, आणि त्यांच्या तोंडून सिंधीत काहीतरी भराभर निघत होतं. त्यांनी मला उठवलं नाही. शेजारी फरशीवर बसकण मारली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने वारा घालत राहिल्या. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलून दिली आणि उभं राहताना सांभाळा म्हणून सांगितलं. 

माधवी, पुढे वाच.

त्या रात्री मी फोनची वाट बघत होते. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो नेहमीचा, तन्वीच्या परीक्षेचा, निखिलच्या दाताचा. चामटोलीचं नाव नाही. मी आवाजात काही सापडतं का ते शोधत होते, सापडलं नाही. पुढच्या फोनलाही नाही. आणि मग माझ्या मनात जो संशय शिरला, तो आधीपेक्षा वाईट होता. त्यांनी सांगितलं असतं, तर मला समजलं असतं, पाठवलेल्या माणसाने आपलं काम केलं. न सांगणारा माणूस काहीतरी राखून ठेवतो. कशासाठी? कधी वापरणार? शुक्रवारी त्या आल्या तेव्हा मी पापड पुढे ठेवून विचारलं, "मुलांशी बोललात?"

"बोलले ना. रोज बोलते."

"काय म्हणालात?"

"बोलले, ठंड नाही पडली या वर्षी." आणि पापड मोडून तोंडात टाकला.

त्या दिवसापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. त्या आल्या आल्या हातांची खुर्ची ओढून माझ्या मागे ठेवायच्या आणि स्वतः तिच्यात बसायच्या. व्यायाम बसूनच. "घुटना दुखतो, अदी. तुम्ही करा, मी इथून बघते." मी उभी, त्या माझ्या पाठीमागे बसलेल्या, आणि तालाबरोबर त्यांचा एक हात माझ्या कमरेशी हलत राहायचा, कधी लागायचा, कधी नाही. पाठीमागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, मला ते अजिबात आवडायचं नाही. वाटायचं, इतकी वर्षं कॅम्पभर बायकांना नाचवणारी बाई अशी अचानक बसते कशी? मी शकूला म्हटलंही, विहीणबाई आळशी झाल्या. शकू म्हणाली, "आज्जी, त्या जिना चढून आल्या की लय वेळ दम खातात. खालीच बसतात पहिलं. मी बगते ना." मला ते माहीत नव्हतं. माझ्या दारात त्या हसतच यायच्या.

बाराव्याला तुमची आई आणि बाबा आले, तुमची शाळा म्हणून तुम्हाला आणता आलं नाही. कॅम्पातल्या त्या घरात बायका बसल्या होत्या, सगळ्या माझ्या वयाच्या, सगळ्या गोल. एकीने डोळे पुसत मला सांगितलं, "दीदी ने हमको फिट रखा." मी मान हलवली. नंतर स्वयंपाकघरात माधवीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, एक सांगायचं राहिलंय. त्यांना मीच म्हटलं होतं तुझ्याकडे जायला. रागावू नकोस."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. आयुष्यात एक संशय खरा ठरल्याचं समाधान मला त्या स्वयंपाकघरात मिळालं, आणि ते कुठे ठेवायचं ते कळेना. "काय सांगायच्या त्या माझ्याबद्दल?"

"दर वेळी तेच. तुझी आई पोरीसारखी नाचते. मी दमते, ती दमत नाही. तिला तिच्या घरातच राहू दे." माधवी हसत होती, रडत होती. मग नाक पुसून म्हणाली, "पुन्हा कधी पडली वगैरे नाहीस ना ग? त्यांनी सांगितलंच असतं म्हणा."

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असून ती मला विचारत होती, मी करते तसंच, माझीच मुलगी आहे शेवटी. मी म्हटलं, "चहा उतू जाईल, बघ."

तर आता तिला कळलं. मी हे मासिकात छापून आणलं आहे आणि त्याचा परिणाम काय होईल हे मला समजतं. हे पान वाचून झालं की संध्याकाळी फोन वाजेल, तो गोड आवाज येईल, बदलापूरच्या झाडीचं वर्णन येईल. मला माझं घर सोडायचं नाही, आणि माझ्या बाजूने खोटं बोलणारं एकुलतं एक माणूस गेलं. गप्प राहणं माझ्या सोयीचं होतं. पण मी गप्प राहिले असते, तर तुमच्या आठवणीत तुमची दादी फक्त पापड देणारी, गाल ओढणारी, विनोदी बाई राहिली असती. पोटच्या मुलाला आणि सुनेला त्या दर आठवड्याला खोटं सांगत होत्या आणि त्याची भरपाई म्हणून दमलेल्या छातीने जिने चढून माझ्या पाठीशी येऊन बसत होत्या. त्यांनी माझ्याकडे मागितलं काहीच नाही. तो हिशेब अजूनही मांडता येत नाही, म्हणून सगळा तुमच्यापुढे ठेवला.

टेपरेकॉर्डर मी मागून घेतला. बाकीच्या वस्तूंवर नातेवाइकांची नजर होती, याच्याकडे कोणी बघितलं नाही. आत कॅसेट तशीच होती, कव्हरवरची सडपातळ बाई आता पिवळी पडली आहे. विहीणबाई कॅसेट कधी मागे फिरवून ठेवायच्या नाहीत, त्यावरून मी त्यांना दरवेळी बोलायचे, सुरुवातीपासून लावावं म्हणून. ही कॅसेट त्यांच्या शेवटच्या मंगळवारी जिथे थांबवली, तिथेच थांबलेली आहे, एका संथ गाण्याच्या मध्यावर. मी ती मागे फिरवलेली नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता मी अजून गालिचा गुंडाळते. व्यायाम करते, पण दोन्ही पायांवर उभी राहून, आणि हातांची खुर्ची माझ्या मागे, हात मागे नेला तर लागेल इतक्या जवळ असते. हे वाक्य माधवीने दोनदा वाचावं. त्या खुर्चीत त्या मला सावरायला बसायच्या, की त्यांनाच उभं राहवत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. मला वाटतं, त्यांना विचारलं असतं, तर त्यांनी तोंडात पापड टाकला असता.